रूआंच्या ढालीवरचं मेंढरू

आमच्या देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी पत्र्याचं एक जुनं झाकण उभं केलेलं आहे. झाकणावर लाल ढाल आहे. ढालीच्या मधोमध पांढरं मेंढरू, मान मागं वळवलेलं आणि पुढचा एक पाय वर उचललेलं. त्याच्या डोक्याभोवती पिवळं वर्तुळ, अंगाला टेकलेली झेंड्याची काठी. ढालीच्या वरच्या अंगाला निळी पट्टी आणि त्या पट्टीत तीन पिवळी, टोकदार फुलं. घरी पाहुणा आला की त्याचं लक्ष तिकडं जातंच. मी सांगतो, हे फ्रान्समधल्या रूआं नावाच्या शहराचं चिन्ह आहे. मग पाहुणा विचारतो, "ते देवात कशाला?" याचं उत्तर मी आजवर कुणाला पुरतं दिलेलं नाही. लोकांना वाटतं, मास्तरला सांगायची लाज वाटते. लाज अजिबात वाटत नाही. उत्तर लांबलचक आहे आणि चहा संपेपर्यंत ते संपत नाही, म्हणून मी गप्प बसत आलो. आता लिहून टाकतो.

आम्ही जतकडचे धनगर. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेला, कृष्णा-वारणेच्या काठाला उतरायचं आणि उन्हाळा अंगावर घेऊन परत फिरायचं, हा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. या फिरत्या बिऱ्हाडाला आम्ही वाडा म्हणतो. वाड्याचं सामान वाहायला घोडी असते. तिच्यावर कोंबड्या, भांडी, लेकरं आणि देव. घोड्याची निगा राखणं माझ्या आज्जाच्या हातात होतं, म्हणून पहिल्या महायुद्धात भरतीवाल्यांनी त्याला उचललं. लढायला नाही, मोतद्दार म्हणून. घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचं. रूआं शहराच्या बाहेर आपल्या रिसाल्याच्या घोड्यांचा तळ होता, तिथं त्याचे दिवस गेले.

एकदा तो चाऱ्याच्या गाड्यांबरोबर शहरात गेला. रस्त्याच्या कडेला एक मोठी दगडी इमारत होती आणि तिच्या दारावर, माणसाच्या डोक्याच्या वर, दगडात कोरलेलं हे मेंढरू होतं. आज्जानं गाडी उभी केली. मागच्या गाड्या तटल्या. दफेदार शिव्या देत पुढं आला, तर आज्जा गाडीवर उभा राहून हात जोडतोय.

"आवं, हितंबी आपला द्येव हाय," तो म्हणाला.

हसायचे ते हसले. पण आज्जाच्या जागी आमच्यातला कुणीही असता तर त्यानं हेच केलं असतं. मेंढराच्या डोक्याला पिवळं लागलंय, म्हणजे भंडारा. अंगाशी काठी आहे आणि काठीला वस्त्र बांधलंय, तर ती देवाचीच काठी. आणि वर ती तीन टोकांची फुलं, त्यांना त्रिशूळ सोडून दुसरं काय म्हणायचं? बिरोबानं समुद्र ओलांडून ठाणं मांडलं यात आज्जाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढ्या मोठ्या शहरानं मेंढरू दारावर बसवलं होतं. आमच्या मुलखात गावात शिरताना पहिलं वाक्य कानावर यायचं ते, "ए, मेंढरं भाईरनं ने."

परत येताना आज्जानं साखरेच्या कांड्यांचा एक डबा आणला. त्याच्या झाकणावर तेच मेंढरू छापलेलं होतं. कांड्या बोटीतच संपल्या. डबा हळदीला वापरून गंजला. झाकण देवात गेलं. वाडा हलला की घोडीच्या पाठीवर ते बिरोबाच्या टाकासोबत फडक्यात बांधून जायचं, मुक्काम पडला की दगडाला टेकून उभं राहायचं. आज्जी म्हणे विचारायची, "तितली मानसं मेंढरं राखत्यात व्हय?" आणि आज्जा म्हणायचा, "राखत असत्याल. न्हाईतर दारावर कशाला बसवत्याल?"

या प्रश्नावर मी वाढलो.

मी शिकलो ते धाकट्या भावाच्या पायांवर. घरातलं एक माणूस शाळेत बसलं की त्याच्या वाट्याची मेंढरं दुसऱ्याला वळावी लागतात. मी सांगलीला वसतिगृहात राहून चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होतो तेव्हा भाऊ माझ्या वाट्याचंही चालत होता. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं बसल्या जागी मरायला लागली, तेव्हा त्यानं मेलेल्या मेंढ्यांची कोकरं खांद्यावर घालून छावणीपर्यंत नेली. मी त्या काळात पंख्याखाली बसून पेन्सिलीनं घड्यावरची सावली काढत होतो. घड्याची सावली मला चांगली जमते. आजही एखादं चित्र चांगलं उतरलं की आनंदाच्या आधी भावाचे भेगाळलेले पाय आठवतात. ते कधी थांबेल असं वाटत नाही.

सांगलीच्या एका वाचनालयात इंग्रजी ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते. एकात ढालींची रंगीत पानं होती, शहराशहरांची चिन्हं. मी सिंह, गरुड, किल्ले, चाव्या बघत पान उलटलं आणि आमचं झाकण समोर आलं. त्या क्षणी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, घरातलं मोठं माणूस दारात आल्यावर उठतात तसा.

मला इंग्रजी अडखळत यायचं. शब्दकोश घेऊन बसलो आणि जमलं तसं लावलं. रूआं हे जुन्या काळी लोकरीच्या कापडाचं मोठं ठिकाण. कापड विणणारे आणि विकणारे यांच्या जिवावर ते शहर श्रीमंत झालं. म्हणून लोकरीचं जनावर ढालीवर आलं, असं एक मत. मेंढरू हे ख्रिस्ताचंही रूप आहे. डोक्यामागचं वर्तुळ हे त्याचं तेज, झेंडा हा त्याच्या विजयाचा, आणि तो झेंडा पेलायला पाय वर उचललेला, हे दुसरं मत. पुस्तकाचा कल असा दिसला की दोन्ही खरं असावं. धंदा आणि देव एकाच जनावरात सापडला, तर लोक दुसरं चिन्ह कशाला शोधतील? वरची तीन फुलं ही फ्रान्सच्या राजाची खूण. राजाची मर्जी असलेल्या शहरांना ती ढालीवर लावायची मोकळीक असे.

थोडक्यात, भंडारा नव्हता, देवाची काठी नव्हती, त्रिशूळ नव्हते.

सुट्टीत गेलो तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळं सांगितलं. आज्जा वारला होता, पण ज्या गोष्टीला घर पन्नास वर्षं हात जोडत होतं ती मी खोटी ठरवत होतो. आबा कोकराच्या खुरातला खडा काढत होते.

"मंजी बिरूबाचं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कुणाचं?"

"लोकरीवर जगणाऱ्यांचं. आणि त्यांच्या देवाचं."

आबांनी कोकरू सोडलं. "मग आजून काय पायजे? आज्जा काय येगळं सांगत हुता?"

"आणि तो पाय, आबा, तो झेंडा धरायला वर घेतलाय म्हणे."

यावर मात्र त्यांनी मान हलवली. "आसंल त्यांच्या पुस्तकात. मेंढी पाय कवा उचलती ते मला इचार."

ते मलाही माहीत होतं. लंगडं झालेलं मेंढरू पाय उचलतं, पण त्याची मान खाली असते. झाकणावरच्याची मान वळलेली, पण ताठ. मान ताठ आणि पाय वर, असं मेंढरू फक्त एका वेळी दिसतं. कुत्रं किंवा लांडगा समोर आला आणि मागं कोकरू असलं की मेंढी पळत नाही. पाय उचलते आणि जमिनीवर आपटते. त्यानं लांडगा मरत नाही. कित्येकदा मेंढीच मरते. पण आपटते.

दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मला नोकरी लागली. आष्ट्याच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका ऊसकरी गावात नवं हायस्कूल निघालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. माझी नेमणूक तात्पुरती होती, दर जूनला नवी ऑर्डर मिळायची. शाळेची इमारत नुकतीच उभी राहिली होती आणि दर्शनी कमानीवर शाळेचं चिन्ह बसवायचं होतं. ड्रॉइंग मास्तर मी, त्यामुळे काम माझ्याकडं आलं.

संस्थेचे चेअरमन हे निवृत्त सुभेदार. गावातला सगळ्यात मोठा बागायतदार माणूस. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीपर्यंत गेले होते. मिशा पांढऱ्या, चाल अजून परेडची. शाळेसाठी त्यांनी स्वतःचं रान दिलं होतं, आणि त्याच रानात, इमारत होण्याआधी, वर्षानुवर्षं आमचा वाडा बसत होता.

हे मेंढरं बसवणं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक निघालं की बागायतदार धनगराला बोलावतो. रात्री मेंढरं त्याच्या रानात कोंडायची, दर एक-दोन दिवसांनी जागा सरकवायची, असं करत सगळं रान लेंड्या-मुतानं भिजवायचं. त्या बदल्यात धान्य मिळतं. त्या रानात पुढं ऊस असा येतो की आत शिरलेलं माणूस दिसत नाही. सुभेदारसाहेब दरवर्षी दिवाळीनंतर आबांनाच बोलवायचे.

समितीच्या सभेत मी चित्र मांडलं. लाल ढाल. खाली काळ्या मातीच्या तीन रेघा. मातीवर पांढरं मेंढरू, मान ताठ, पाय उचललेला. झेंडा, वर्तुळ, फुलं काढून टाकली होती. ती ज्यांची त्यांना.

पहिल्यांदा बोलले ते गुऱ्हाळवाले सभासद. "मास्तर, ही शाळा हाय का कोंडवाडा?"

सगळे हसले.

"पोरं ब्यां ब्यां करत भाईर पडत्याल की वो!"

"आन् बोर्डात कुणी आलं तर पेपरात द्यायचं, आमचं मेंढरू पहिलं आलं म्हणून."

हेडमास्तर सज्जन माणूस. त्यांनी सावरून घेतलं. "समई घ्या, पुस्तक घ्या. हवं तर बाजूला उसाची दोन कांडं. कुणाचीच हरकत राहणार नाही."

"मेंढराला काय हरकत आहे, सर?" मी विचारलं.

सुभेदारसाहेबांनी कागद उजेडाकडं धरला. म्हणाले, "असल्या ढाली म्या इटलीत लय बघितल्यात. दरवाज्यावर सिंव्ह असतोय, गरूड असतोय. मेंढरू कुठं बघितलंस तू?"

मी रूआंचं सांगितलं. आज्जाचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. फौजी माणसाला फौजेत गेलेल्या माणसाची गोष्ट ऐकावी लागते.

"आन् का बसवलं त्यांनी?"

"ज्याच्या जिवावर शहर उभं राहिलं, ते दारावर लावलं."

"आमी मेंढरावर उभं हाय म्हणतोस?"

"साहेब, ही इमारत ज्या रानात आहे तिथं आमचा वाडा बसायचा. माझं लहानपणीचं अंथरूण इथंच कुठंतरी होतं. या मातीत..."

"लेंड्या!" गुऱ्हाळवाल्यांनी मला मदत केली. पुन्हा हशा.

"होय, लेंड्या," मी म्हणालो. "आणि ऊस त्यातनंच आला."

माझा आवाज चढला होता. वडीलधाऱ्यांपुढं मी असा कधी बोललो नव्हतो. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि एक साधा प्रश्न विचारला. "पण झेंडा तुम्ही काढून टाकलात. मग पाय वर कशाला?"

मी उत्तर देण्याआधी सुभेदारसाहेब बोलले. "त्ये म्या सांगतो, हेडमास्तर. आमचं अर्धं आयुष्य रानात गेलंय. मेंढी कुत्र्याम्होरं आसा पाय आपटती. मागं सर म्हणती." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "मास्तर, हितं कुत्रं कोण?"

कुणी हसलं नाही.

"चित्रात कुत्रं नाही, साहेब."

"चित्रात न्हाई म्हणूनच इचारतोय."

उत्तर मला सुचलं होतं, पण ते बोलायची छाती झाली नाही. चित्र पुन्हा करून आणायचं ठरलं आणि सभा संपली.

दिवाळी झाली आणि आबांचा वाडा सुभेदारसाहेबांच्या नदीकडच्या रानात उतरला. शाळा सुटल्यावर मी तिथं गेलो. गावातली गोष्ट माझ्याआधी पोचली होती.

"तुला शाळंत चित्रं काढाय ठिवलंय, का आमाला ह्या रानातनं उठवाय?" आबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. भाऊ मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या खुंट्या ठोकत होता. त्यानं वर बघितलं नाही. त्याची बायको तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती, तिला दिवस गेलेले. दुष्काळातनं उरलेली मेंढरं जेमतेम होती आणि हे रान सुटलं तर पुढं कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तुम्ही म्हणत असाल तर काढून टाकतो, आबा. समई काढतो."

हे मी मनापासून म्हणालो होतो. त्यांनी 'काढ' म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी समई काढली असती आणि सुखात राहिलो असतो.

आबांनी तंबाखू मळून दाढेला धरली. मग म्हणाले, "आज्जानं बघितलं तवा दगडात पाय वर हुता का खाली?"

"वरच. झाकणावर आहे तसाच."

"हूं," एवढंच म्हणाले आणि मेंढरांकडं गेले.

सुभेदारसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः रानात आले. मीही दूध न्यायला गेलो होतो. आबा लगबगीनं उठून उभे राहिले, हात छातीशी. त्यांच्यापुढं आबा नेहमी असेच उभे राहत, किंचित वाकून, घोंगडं खांद्यावरनं काढून हातात घेतलेलं.

"पोराला समजाव गड्या," साहेब म्हणाले. "चांगलं शिकलंय, चांगला हात हाय. मेंढरू नगं असं म्या म्हणत न्हाई. बसवा. रात्रभर इचार केला, तुझ्या बापाचंबी आयकलं. तेवढी मेहरबानी करतो. पर पाय खाली घ्या. शाण्यावानी उभं राहूं दे."

हे त्यांनी खरोखर चांगल्या मनानं सांगितलं होतं. मला वाटलं, मिटलं. पाय खाली घ्यायला रबराचे दोन फटके पुरले असते. मी मान डोलावणार एवढ्यात आबा बोलले.

"आवं साहेब, शाण्यावानी आमी उभं हायच की सगळा जल्म. एक मेंढरू तरी उभं राहूं द्या त्येच्या मनानं."

भावाच्या हातातला दगड खुंटीवर पडायचा राहून गेला.

"म्हंजी तुझंबी त्येच म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

आपण काय बोलून बसलो ते आबांच्या आता ध्यानात आलं. ते आणखी वाकले, पण शब्द परत घेतला नाही. "म्या कोण म्हणणारा? म्या मेंढराचं सांगितलं."

साहेबांनी काठीनं ढेकूळ फोडलं. "आता खताची पोती मिळत्यात गावात," ते म्हणाले. "ध्यानात असूं दे." आणि बांधाबांधानं निघून गेले. ठरलेले दिवस मात्र त्यांनी पुरे करू दिले आणि धान्य आपल्या हातानं मापून घातलं. शब्दाचा माणूस होता. त्यांना वाईट माणूस म्हणून रंगवणं मला सोपं गेलं असतं, पण ते तसे नव्हते. त्यांनी मला सगळं दिलं, एक पाय सोडून. आणि मला तो पायच हवा होता.

चित्र मी पुन्हा समितीपुढं नेलं नाही; साहेबांनी मेंढराला होकार दिला होता, तेवढ्यावर कमानीवरचं काम सिमेंटमध्ये केलं. परांचीवर उभा राहून, गवंड्याकडनं थापी मागून घेऊन. उचललेल्या पायाच्या आत सळई घातली, म्हणजे तो कधी गळून पडू नये. वाडा वारणेकडं जायला निघाला तेव्हा आबा रस्त्याच्या पलीकडं थांबून बघत होते. कमानीच्या आत ते कधी आले नव्हते, त्या दिवशीही आले नाहीत. तिकडूनच ओरडले, "गुडघा लय वर गेलाय रं! आपटनार कसं?" मी गुडघा खाली आणला. मग ते हात हलवून मेंढरांमागं चालायला लागले.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी चिन्हावरचं गोणपाट काढलं. मी खाली उभा होतो. पाहुणे वर बघून म्हणाले, "वा! हे काय, कोकरू?"

सुभेदारसाहेबांनी वर बघितलं. त्यांच्या मिशा हलल्या. "मेंढरू हाय," ते म्हणाले. "पाय आपटतंय." आणि फीत कापायला पुढं झाले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "फोडत न्हाई," ते म्हणाले. "चारचौघांत उद्घाटन झाल्यालं निशाण फोडणारा म्या न्हवं. पर तू माझा शब्द मोडलास. सुट्टीत पाय खाली कर आन् जूनला कायमची ऑर्डर घेऊन जा. न्हाईतर दुसरी शाळा बघ."

त्या उन्हाळ्यात मी कित्येकदा छिन्नी हातात घेऊन बघितली. घरी दुष्काळाचं देणं होतं, भावाला मुलगी झाली होती. कायमची ऑर्डर म्हणजे काय हे तात्पुरत्या मास्तरलाच कळतं. मोह झाला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण आबांचं ते वाकलेलं अंग आणि त्यातनं निघालेलं वाक्य आठवलं की छिन्नी जड व्हायची. माझ्या बापानं सगळ्या आयुष्यात एकदाच पाय आपटला होता. तो माझ्या हातानं खाली घ्यायचा नव्हता. जूनमध्ये मी दुसरी शाळा बघितली. ती सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला मिळाली आणि तिथंच माझी पुढची नोकरी झाली.

पुढच्या दिवाळीला सुभेदारसाहेबांचं बोलावणं आलं नाही. वाडा त्या वर्षी पार कऱ्हाडच्या वर गेला. अनोळखी रानं, अनोळखी कुत्री. भावाची बायको तान्ह्या पोरीला झोळीत घालून चालली. एक घोडी वाटेत पाय मोडून गेली. माझ्या मेंढराच्या पायाचा भार असा त्यांच्या पायांवर पडला. मी पगार पाठवत होतो, पण पगारानं वाट कमी होत नाही. भावानं आजवर मला एका शब्दानं बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. एवढं सगळं जमेला धरून मला कुणी विचारलं की पुन्हा तीच वेळ आली तर पाय खाली घेशील का, तर नाही. घेणार नाही. भावाच्या पुढं मान खाली घालीन, त्याच्या पाया पडेन, आणि पाय वरच ठेवीन.

त्या वर्षीचीच एक गोष्ट भावानं नंतर सांगितली. मी तिथं नव्हतो, हेही माझ्या खात्यात. कऱ्हाडकडं जाताना वाडा शाळेवरून गेला. शाळा भरलेली. आबांनी मेंढरं कमानीपुढं थांबवली. घोडीवरचं फडकं सोडून झाकण काढलं, एकदा त्याच्याकडं आणि एकदा वर बघितलं. मग कमरेच्या पिशवीतनं मूठभर भंडारा घेतला आणि वर उधळला.

कमान उंच. भंडारा तिथवर गेला नाही. वाऱ्यानं फिरला आणि आबांच्याच मुंडाशावर, खांद्यावर पडला.

"पोचला न्हाई वो आबा," भाऊ म्हणाला.

"पोचंल," आबा म्हणाले, आणि घोंगडं खांद्यावरच ठेवून, पिवळ्या डोक्यानं कमानीखालनं आत गेले. आत हौदावर पाणी प्यायले. कुणी अडवलं नाही. मग बाहेर येऊन मेंढरांना हाळी दिली.

त्यांच्यामागं ते झाकण माझ्याकडं आलं. ते रूआंच्या लोकरवाल्यांचं आहे, त्यांच्या देवाचं आहे, वरची फुलं त्यांच्या राजाची आहेत, हे सगळं मला माहीत आहे. भंडारा मी रोज लावतो.